तळणगाडी

"हे दोन डबे तुझे आणि हे दोन बसवाल्याचे," सासरे म्हणाले आणि चारही डबे व्हॅनच्या मागे ओळीने मांडले. "ओतताना फडकं धर गं सूनबाई. कचरा गेला तर माझं नाव जायचं."

"धरते, बाबा," सून म्हणाली आणि धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उगाच सारखे करत बसली. खोटं बोलताना तिला त्यांच्याकडे बघवत नसे. डब्यांना नेहमीसारखा तळणीचा वास येत होता.

घरची लॉन्ड्री होती. धुलाई-इस्त्री नवरा बघायचा आणि ती व्हॅन चालवून हॉटेलांना, दवाखान्यांना कपडे पोचवायची. सासरे बस डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झालेला मेकॅनिक घरात बसला की चांगलं घड्याळही खोलून ठेवतो. त्यापेक्षा त्यांनी मागच्या शेडमध्ये डिझेल करायला घेतलं, तेव्हा सगळ्यांना हायसंच वाटलं. खानावळींच्या मागच्या दारातून जळकं तेल आणायचं, गाळायचं, तापवायचं, कॉस्टिक सोडा आणि स्पिरिट घालून ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. खाली तपकिरी गाळ बसे, वर पिवळं इंधन. गाळाचाही ते साबण करून द्यायचे. कॉलरचा मळ त्याने झकास निघायचा. लॉन्ड्रीची गाडी आपण फुकटात पळवतो, हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

गाडी पळाली, पण वास तिच्याही पुढे पळाला. गल्लीतल्या पोरांनी तिला 'तळणगाडी' म्हणायला सुरुवात केली. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने तर एक चादर सुनेच्या नाकासमोर धरून विचारलं, "ही अंथरायची की खायची?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हॉटेलावरच निम्मी लॉन्ड्री चालत होती. पुढे कडाक्याच्या थंडीत एका सकाळी टाकीतलं इंधन तुपासारखं थिजलं आणि व्हॅन भर चौकात बसली. मागे भोंगे वाजायला लागले. सासरे आले, फिल्टर बदलला, धक्का मारला आणि पायी घरी गेले.

त्या दिवसापासून सुनेने त्यांचा एक थेंबही टाकीत घातला नव्हता. डबे ती भंगारवाल्याला नेऊन द्यायची आणि टाकी लांबच्या पंपावर भरायची. जवळच्या पंपावर सोय नव्हती. बातमी तिच्याआधी घरी पोचली असती. भंगारवाला एरवी वाकड्या खिळ्यासाठीही घासाघीस करणारा, पण हे डबे दिसले की खुर्ची पुढे करायचा. आपल्या खटारा ट्रकात ओतायचा आणि म्हणायचा, "ताई, अजून असेल तर आणत जा." म्हाताऱ्या ट्रकाला काय, काहीही पचतं, असं ती मनाशी म्हणायची.

सासरे अधूनमधून इंजिनाकडे बघत विचारायचे, "काय म्हणते गाडी?"

"लोण्यासारखी चालते, बाबा."

"चालणारच. हात बसला आता माझा. गाळसुद्धा धरत नाही हल्ली."

साबण त्यामुळे बंदच झाला होता. कॉलरींसाठी पुन्हा दुकानातल्या वड्या आल्या होत्या.

सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते दर वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे. असल्या डोळ्याने हा माणूस आपल्यासाठी कॉस्टिकशी झटतो आणि आपण त्याचे कष्ट भंगारात घालतो, हे आठवलं की सुनेला घास गोड लागत नसे.

तरी तिने हेही रेटून नेलं असतं. पण शेजारचा स्कूलबसवाला सासऱ्यांच्या मागे लागला. "काका, मलाही द्या की. तुमची गाडी वर्षभर बघतोय, एकदा कुरकुरली नाही." सासरे टाळत होते. तेल मिळत नाही, शेड लहान पडते, असं काहीबाही सांगत होते. एरवी स्वतःची आरती स्वतःच ओवाळणारा माणूस एवढा नम्र कसा झाला, याचं सुनेला नवल वाटलं होतं. काल मात्र बसवाल्याने चारचौघांत विचारलं, "शेजाऱ्याला नाही म्हणता?" आणि सासरे "ने बाबा उद्या" म्हणून बसले.

व्हॅनमध्ये चादरी असतात, बसमध्ये लेकरं. ती बस भर रस्त्यात थिजली तर?

"बाबा," सून म्हणाली, "बसवाल्याला डबे देऊ नका."

"का गं?"

"चौकातल्या त्या सकाळपासून तुमचं इंधन मी गाडीत घातलंच नाही. पंपावरचं घालते. वासापायी हॉटेलचं काम गेलं असतं, आणि तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही लोकांना सांगत होतात आणि मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. मला माझीच लाज वाटते."

सासरे उलट्या बादलीवर बसले. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, ओरडले असते तर बरंही वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. कान लालभडक झाले होते.

"मग माझे डबे?"

"भंगारवाल्याला देते. तो ट्रकात ओततो."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"आणि त्याचा ट्रक कुठे बसला नाही?"

"नाही, बाबा."

"कसा बसेल," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या सकाळनंतर मी तरी कुठे काही केलं? पंपावरचंच डिझेल होतं ते, सूनबाई. वरून पळीभर जळकं तेल घालत होतो, वासापुरतं."