डावीकडची दाढ

"आजोबा, तोंड उघडल्याशिवाय मला कसं कळणार?" दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या.

मी खुर्चीचा हात घट्ट धरून तोंड उघडलं. डावीकडची दाढ आठ दिवस ठणकत होती. उजवीकडच्या केव्हाच गेल्या होत्या. हीही काढली, तर यापुढे कुस्करलेली भाकरीच खायची.

बाईंनी चिमट्याने दोऱ्याचा तुकडा बाहेर ओढला.

"दाढ पक्की आहे. हा हिरडीत रुतला होता. शिवणकाम करता?"

"जुनी पुस्तकं शिवतो," मी ओशाळलो. "दोरा दातांनीच तोडतो."

"शंभरदा सांगितलं, कात्री घ्या म्हणून!" बाकावर बसलेली बायको कडाडली.

बाहेर पडताच तिनेच फुटाण्यांची पुडी घेतली. चार माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "दाखवा आता." भर रस्त्यात उभं राहून मी ते डावीकडूनच चावले, कुडुमकुडुम.