उलटे रकाने

तक्ता उलटा होता. तिने प्रयोगांचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं, आकडे पुन्हा मांडले आणि कपाळाला हात लावून बसली. प्रबंध कधीच परीक्षकांकडे पोचला होता. व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, जवळ आली होती.

विमानशास्त्रातल्या तिच्या पीएचडीचा विषय कुणालाही समजेल असा होता. कॅप्टन चुकतोय हे दिसत असताना शेजारचा सहवैमानिक गप्प का बसतो? सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये, तिचे मार्गदर्शक सर कॅप्टन होऊन बसत आणि मुद्दाम एखादी चूक करत. सहवैमानिक टोकतो का, हे ती काचेमागून टिपत असे.

खरं तर जुने-जाणते जास्त गप्प बसले होते. सरांनी करून दिलेल्या तक्त्यात मात्र नवखे जास्त गप्प होते. रकान्यांची अदलाबदल झाली होती, एवढंच. पण तिचे सगळे निष्कर्ष त्यावरच उभे होते, आणि त्यांच्या भरवशावर एक विमान कंपनी आपलं प्रशिक्षण बदलायला निघाली होती.

"मग सांगून टाक की सरांना," धाकटी बहीण म्हणाली. ती दातांची डॉक्टर. घरात एक डॉक्टर पुरे, असं म्हणून ताईला सतत चिडवायची. आज चिडवलं नाही.

"कसं सांगू? नजर अधू झालीय त्यांची. निवृत्तीला आलेत, मी शेवटची विद्यार्थिनी. नोकरी सोडून आले तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांनी हाताला धरून शिकवलं."

"आणि उद्या एखादं विमान पडलं तर?"

ताईने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सर टेबलावर चष्मा चाचपत होते. चष्मा कपाळावर होता.

"ये पोरी. काही राहिलंय का?"

"नाही सर. सहज आले होते."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

व्हायवाला सभागृह भरलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे सरांचेच एक जुने विद्यार्थी, आता या विषयातलं बडं प्रस्थ. पडद्यावर तक्ता आला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. सर कौतुकाने मान डोलवत होते. परीक्षकांनी पुढचं पान उलटलं.

"तर मग सहवैमानिकाने काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"बोलावं," ती म्हणाली. "लगेच बोलावं. समोर कितीही मोठा माणूस असला तरी."

कानाच्या पाळ्यांपर्यंत चटका बसला तिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर मान वर करवेना. कुणी पेढा पुढे करावा आणि आपण तो चोरून खाल्ल्यासारखा गिळावा, तसं तिने प्रत्येकाचं अभिनंदन गिळलं.

व्हरांड्यात परीक्षकांनी तिला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "त्या तक्त्यातले रकाने उलटे आहेत ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"बघताक्षणी."

"मग विचारलं का नाही?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "सरांसमोर? एवढ्या लोकांत? जीभच रेटेना हो. आज मी जो काही आहे, तो त्यांच्यामुळे. असं करा, छापायच्या आधी गुपचूप दुरुस्त करून टाका. त्यांना कळायला नको."

तिने हो म्हणून मान हलवली. दोघंही एकमेकांची नजर चुकवत सरांच्या खोलीकडे निघाले.

खोलीत पुस्तकांची खोकी बांधून ठेवलेली होती. दाराकडे पाठ करून सर वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा घडी घालून टेबलावर पडला होता.

"दार उघडंच होतं," ते मागे न वळता म्हणाले. "व्हरांड्यातलं सगळं इथे ऐकू येतं."

दोघंही उंबऱ्यातच थबकले.

"रकाने मीच उलटे केले होते."

ती पुढे झाली. "म्हणजे सर, तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?"

"तुझी नाही, पोरी. तुझं वय आहे घाबरायचं." सर खुर्चीसकट वळले आणि परीक्षकांकडे बघत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्याही प्रबंधात मी असाच वाऱ्याचा वेग चुकवून ठेवला होता. तुला दिसला होता, तरी तू बोलला नाहीस. म्हणून आज परीक्षक म्हणून तुलाच बोलावलं. म्हटलं, आता मोठा झालाय, आता तरी बोलेल."