नासपतीची छाटणी

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून तिनं कात्री उघडली आणि पुन्हा मिटली. समोर नासपतीची जुनी, जाड फांदी होती. यंदा काढायची पाळी या फांदीचीच. अशी फांदी बुंध्यापासून कापली की कोवळ्या फुटीला जागा मिळते आणि दोन-तीन वर्षांत झाड नव्या दमानं फळतं. पण या फांदीवर फळांचे डोळे गच्च भरले होते. फळाचा डोळा जाड, पानाचा बारीक आणि टोकदार. सातव्या वर्षी बाबांनी तिला हे शिकवलं होतं, आणि चुकीची डहाळी कापली म्हणून दोन दिवस अबोलाही धरला होता.

तिनं फांदी तशीच राहू दिली. तिच्या बुडाशी आलेली कोवळी फूटच कापून टाकली. फळांच्या तोंडचा घास नको पळवायला.

बाबा पुढचा हिवाळा बघणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नासपती पिकेपर्यंत मात्र निभावेल, असं त्यांचं मत. बाबांना कळू द्यायचं नाही, हे घरात त्याच दिवशी ठरलं. रक्त कमी झालंय, एवढंच सांगायचं. आईनं औषधांच्या बाटल्यांवरची नावं खरवडून काढली. परगावचा भाऊ एकदम रोज फोन करायला लागला, तेव्हा तिनं त्याला दम भरला आणि पूर्वीसारखा रविवारचा एकच फोन करायला लावला. महिना झाला, कुणी ब्र काढला नव्हता. आई बाबांवर अगदी पहिल्यासारखी खेकसायची, आणि मग तासभर कुणाशी बोलायची नाही.

तिला रडायला सवड मिळाली ती झाडावरच. यंदा झाड लगडू दे, बाबांना पोटभर खाऊ दे, पुढचं पुढे बघू, असं मनाशी म्हणत ती दुपारभर कापत राहिली.

उन्हं कलल्यावर बाबा काठी टेकत बाहेर आले. तिची छाटणी ते दरवर्षी तपासायचे. आधी ‘हेडमाळी’ म्हणून चिडवायचे आणि मग एकेक चूक काढायचे. यंदाच्या फळांचा लोभ धरायचा नाही, तीन वर्षांनंतरचं झाड डोळ्यांपुढे ठेवायचं, हे त्यांचं ठरलेलं भाषण असायचं.

आज भाषण झालं नाही. ते झाडाभोवती सावकाश फिरले. जुन्या फांदीपाशी थांबले. खाली वाकून पडलेली कोवळी फूट उचलली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. एकही चूक काढली नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

“फळाचा एक डोळा वाया जाऊ दिला नाहीस,” ते म्हणाले.

ती हसली. यंदा टोपल्या पुरायच्या नाहीत, असं म्हणाली.

“आणि पुढच्या वर्षासाठी काहीच राखलं नाहीस. तू काही चुकणाऱ्यातली नाहीस, बाळा.” त्यांनी हात देऊन तिला शिडीवरून खाली उतरवलं. “डॉक्टरांनी किती महिने सांगितलेत?”