जबरदस्तीची खूण

पहिल्या घावाने कडी वाकली. दुसऱ्या घावाला चौकटीची ढलपी उडून पद्मजाच्या पायाशी पडली. तिचा नवरा जयंत स्वतःच्याच दारावर हातोडा घालत होता.

"भाईसाहब, सब ठीक?" खालच्या क्वार्टरमधून कोणीतरी विचारलं.

"बिल्कुल. दरवाज़ा अटक रहा है."

कपाटातले पद्मजाचे दागिने जाऊन आठवडा झाला होता. दार शाबूत, कुलूप शाबूत. विमा कंपनीने फोनवर साफ सांगितलं होतं: चोर जबरदस्तीने घरात शिरल्याची खूण हवी. दाराची मोडतोड, नाहीतर घरातल्या माणसाला मारहाण. त्याशिवाय क्लेम मिळत नाही. तपासणीला त्यांची सर्व्हेयर आज सकाळी अकराला येणार होती.

"पोलिसांनी पंचनाम्यात दार शाबूत लिहिलंय," पद्मजा म्हणाली.

हातोडा थांबला. जयंतचा दुसरा हात रिकामाच होता. तो सणकन तिच्या गालावर बसला.

"ओढणी नीट घे," तो म्हणाला. "बाई येतेय."

सर्व्हेयर मीनाक्षी केळकर दारातच उकिडवी बसली. तिने कडीवर टॉर्च मारला, तुटलेल्या लाकडावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला भुसा पाहिला.

"दिल्लीत दोन दिवसांत धूळ बसते," ती म्हणाली. "इथे धातू चमकतोय. हे आजचं आहे, साहेब. क्लेम होणार नाही."

जयंतने तिची वाट अडवली. "मॅडम, एक मिनिट. मारहाण झाली असेल तर चालतं ना?"

"चालतं."

त्याने पद्मजाची ओढणी ओढून काढली. "मग हे बघा. चोराने मारलंय हिला. घाबरून पोलिसांना बोलली नाही."

मीनाक्षीने टॉर्च वर उचलला. पद्मजाच्या हनुवटीखाली पिवळसर डाग होता. मानेवर जांभळा. गालावर चार बोटं, अजून लाल.

मीनाक्षीने कागदावर तिन्ही रंग एकाखाली एक लिहिले.

"ह्या एका दिवसाच्या खुणा नाहीत," ती म्हणाली. "ताई, चोर किती वेळा आला होता?"

"सांग ना त्यांना," जयंत म्हणाला. हातोडा अजून त्याच्या पायापाशी होता.

पद्मजाने ओढणी उचलली नाही.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं येतोय. दार फोडावं लागत नाही त्याला. किल्ली असते त्याच्याकडे."