श्री नसलेला कागद

"तीन ते पाच कर्फ्यू उठणार म्हणे," वासंती खिडकीच्या फटीतून बघत म्हणाली. "ते संग्रहालयवाले येतील हं, वन्सं."

"कुठले येतायत! कोपऱ्यावर सकाळीच गोळीबार झालाय. जिवाची पर्वा असेल तर बसतील घरी," बकुळा म्हणाली. पण तिची नजर पेटीवर होती.

पेटी अण्णांची. म्हणजे बकुळाच्या वडिलांची, मनमोहन त्रिलोकेकरांची. पन्नास वर्षांपूर्वी या गृहस्थाने गिरगावातल्या याच घराच्या माडीवर विमान बांधलं होतं. ते उडालं की नाही, देव जाणे. निम्मं गिरगाव म्हणे, 'उडालं'; निम्मं फिदीफिदी हसे. अण्णांनी मरेपर्यंत त्यावर अवाक्षर काढलं नाही. आता दादरच्या एका संग्रहालयाला त्यांचे कागद हवे होते आणि बकुळाने मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. मग ती कागद लावायला बसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कागद सगळे मोडीत. बकुळाला मोडी येत नव्हती. मुलींना तेव्हा कोण शिकवतंय? पण वरचा श्री तिला ओळखता येई. त्या घरात श्री घातल्याशिवाय कागदाला सुरुवात व्हायची नाही, मग ती वाण्याची यादी का असेना. अण्णांच्या दोन-अडीचशे कागदांवर काळ्या शाईतला ठसठशीत श्री होता.

एकावर नव्हता.

श्री घालत नाहीत ते एकाच पत्रावर, कुणी गेल्याचं कळवणाऱ्या. असलं पत्र वाचून फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. अण्णांनी मात्र हा कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता. लिहिलेला पेन्सिलीने. अक्षर इतकं थरथरलेलं की ओळी एकमेकींवर चढलेल्या. कोपऱ्यातल्या भोकात सुतळीचा तुकडा.

बकुळाला बुधाजी आठवला. घोडपदेवचा फिटर, विमानाच्या कामात अण्णांचा उजवा हात. ती आठ वर्षांची असताना एका पहाटे दोघे यंत्र बैलगाडीत घालून गेले. संध्याकाळी अण्णा एकटेच परत आले. कोटावर रक्त होतं. त्यांनी माडीला कुलूप घातलं आणि बुधाजी पुन्हा कधी दिसला नाही. तो कुठे गेला असं तिने एकदाच विचारलं होतं. अण्णा भरल्या ताटावरून उठून गेले होते.

"अण्णांच्या हातून माणूस मेलाय, वासंती," ती हळूच म्हणाली. "आणि इथे लिहून ठेवलंय त्यांनी."

"काहीतरीच काय, वन्सं! कुणाकडून तरी वाचून घेऊ की."

"वाचेल तो गावभर करील. उद्या छापून येईल. लोक अण्णांना हसले ते सोसलं गं मी. त्यांना खुनी म्हणतील ते नाही सोसवायचं."

"मग?"

खाली 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'ची आरोळी उठली, माणसं धावली, मागोमाग बुटांचा खडखडाट. दोघी जागच्या जागी गोठल्या. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण?"

"राजाध्यक्ष! संग्रहालयातून आलोय. उघडा हो लवकर, पोलीस दिसेल त्याला झोडपतायत!"

वासंती कडी काढायला गेली. बकुळा कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर चहाचं आधण होतं. तिने पातेलं उतरवलं आणि कागद निखाऱ्यांवर टाकला. भुर्रकन पेटला. सुतळी तेवढी जरा वेळ धुमसली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पदराला हात पुसत ती बाहेर आली.

राजाध्यक्ष घामाघूम होऊन खुर्चीत टेकले होते. "दादरहून चालत आलो, बाई. सगळीकडे जाळपोळ. म्हटलं, कागद आजच हलवावेत. एक ठिणगी पुरे व्हायची."

"न्या," बकुळा म्हणाली. "सगळे आहेत."

"सगळे ना? मग तोही असेल." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "आम्ही वर्तमानपत्रात निवेदन दिलं होतं, त्याला कोकणातून हे उत्तर आलंय. ऐंशी वर्षांचे म्हातारे आहेत, मास्तरांकडून लिहवून घेतलंय. तुम्ही ओळखत असाल."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"'मी बुधाजी फिटर. विमान सुटताना दोर माझ्या पायात अडकला नि पाय मोडला. धन्यांनी मला उचलून बोटीत घातलं, गावी धाडलं. पाय पुढे कापावा लागला, तेव्हापासून त्यांनी यंत्राला हात लावला नाही. पण विमान उडालं. मी पडल्या पडल्या या डोळ्यांनी बघितलं. धनी आत बसून, गुडघ्याला सुतळीने कागद बांधून, किती वर गेलो ते पेन्सिलीने लिहीत होते. तेवढा कागद सांभाळा, दुसरा पुरावा नाही. ओळखायला सोपा आहे. त्याच्यावर श्री नाही. वर असताना श्री घालायला धन्यांना सवड कुठली.'"