सात नंबरचा पंच

"असा जोरात फिरवलात तर चालेलच हो!" भिवा तांडेल म्हणाला. "जाळं पाण्यात असताना आमची लाँच मुंगीच्या पावलानं जाते. तसा फिरवा की."

कासारवाडीच्या त्या शेडमध्ये मासेमारीच्या लाँचवर वीज बनवणारे आल्टरनेटर तयार व्हायचे. त्यातलाच एक पोत्यात बांधून हा माणूस हर्णैहून एसटीनं आला होता. फोरमन उद्धवरावांनी खूण केली. टेस्टिंगच्या टेबलावरच्या भीमराजनं मोटर स्लो केली आणि एकेक खटका खाली ओढला. आधी दिवे, मग पाणी उपसायचा पंप, मग वायरलेसचा लोड. बॅटरीचा काटा अधिकवरनं शून्यावर आला, थरथरला आणि उणेकडं गेला. आल्टरनेटरनं दिवे चालवून वर बॅटरीही भरायची असते. हा तर बॅटरीतलंच उपसत होता.

"अस्संच झालं!" भिवा म्हणाला. "तीन रात्रींत बॅटरी मेली. दिवा नाही, वायरलेस नाही. एक मोठं जहाज अगदी अंगावरनं गेलं. आम्ही पाच माणसं डबे बडवत बसलेलो."

उद्धवरावांनी वाकून आल्टरनेटरवरचा शिक्का वाचला. सात नंबर, अठरा तारीख. सात नंबरचा पंच, म्हणजे शिक्का मारायचा ठसा, भीमराजचा.

"भीमराज, हे तू पास केलंस? स्लोवर बघितलंच नाहीस?"

भीमराजनं पुढं होऊन तारीख पाहिली. चार वर्षांत त्यानं स्लोची टेस्ट केल्याशिवाय एक नग सोडला नव्हता. त्यावरून सगळे त्याची टिंगल करायचे. आणि अठरा तारखेला तर तो शेडमध्ये नव्हताच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रजा उरली नव्हती, आणि एक खाडा पडला तर पर्मनंटच्या यादीतनं नाव जाणार होतं. शेजारच्या टेबलावर ट्रॅक्टरचे डायनामो तपासणारा ज्योतीराम तेव्हा म्हणाला होता, "जा तू बिनघोर. कार्ड मी मारतो. पंचही दे, तुझा माल अडायला नको." हजेरीचं कार्ड तिथं सगळेच एकमेकांचं मारायचे. पंच मात्र कुणी कुणाच्या हातात देत नसे. ह्या भल्या भीमराजनं तोही दिला, वर चारदा बजावलं, "लाँचच्या मालाला स्लोची टेस्ट विसरू नको राव." ज्योतीराम व्हय व्हय म्हणाला होता.

आता तोच ज्योतीराम चिंध्यांनी हात पुसत उभा होता. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते.

"साहेब," भीमराज म्हणाला, "अठरा तारखेला मी..."

"हजर होता की साहेब," ज्योतीराम मध्येच बोलला. "कार्ड बघा ना. मी काय खोटं सांगतोय?"

आता बोला! कार्ड ह्याच्याच हातानं मारलेलं, आणि तेच साक्षीला!  खरं सांगावं तर खोट्या हजेरीपायी दोघंही गेटबाहेर. न सांगावं तर चार वर्षांच्या इमानावर पाणी. पण रागापेक्षा भीमराजला लाजच जास्त वाटली. ह्या माणसाला तो भाऊ म्हणत होता, एका डब्यात जेवत होता.

अर्धं वाक्य त्यानं तसंच सोडलं. उद्धवरावांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

"पुढच्या आठवड्यात पर्मनंट होणार होतास," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "आता ते विसर. आत्ताच्या आत्ता पॅकिंगला जा, पंच इथं ठेव. ज्योतीराम, तू उभा राहा ह्या टेबलावर. तांडेलांना दुसरा नग टेस्ट करून दे. त्यांची चारची गाडी आहे."

भीमराजनं पंच टेबलावर ठेवला. पॅकिंगच्या कोपऱ्यात जाऊन तो खोक्याला खिळे ठोकायला बसला. पहिला खिळा वाकडा गेला, दुसराही.

ज्योतीरामनं नवा आल्टरनेटर चढवला, मोटर सुरू केली, स्लो केली. बराच वेळ नुसती मोटरच घरघरत राहिली. मग तो खोकी बघायला आल्यासारखा पॅकिंगपाशी आला आणि उद्धवरावांकडं पाठ करून हळूच म्हणाला,

"भीमराज, राव... स्लोवर सगळा लोड टाकल्यावर काटा कितीवर पाहिजे रे?"

भीमराजनं वर पाहिलं नाही. पलीकडं भिवा तांडेल रिकामं पोतं झटकून त्याची घडी घालत होता.

"अधिक पाच," भीमराज म्हणाला.

ज्योतीराम वळला. भीमराजनं हातोडी खाली ठेवली आणि त्याची बाही धरली.

"पाच. चार चालणार नाही. सांग बघू, किती?"