वासिफचं रक्त

रक्तपेढीतल्या प्राप्तीने काचपट्टी उजेडात धरून पुन्हा एकदा हलवली. "ओ पॉझिटिव्ह आहे तुमचं."

"निगेटिव्ह," वासिफ म्हणाला. "नीट बघा मॅडम. ओ निगेटिव्ह हाय माझं."

"दोनदा बघितलं. तुम्ही कुठे तपासलं होतं?"

वासिफने तपासलं कुठेच नव्हतं. थोरला भाऊ हुझैफा कतारला निघाला तेव्हा त्याची तपासणी झाली होती. ओ निगेटिव्ह, फार थोड्यांचं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि घरभर त्याचं कौतुक झालं. पुढे वासिफ नोकरीला लागला, तिथे ओळखपत्रासाठी रक्तगट विचारला. सख्खे भाऊ, रक्त एकच असणार. त्याने तोच सांगितला. मग मोटारसायकलच्या मागे लाल रंगात लिहूनही घेतला.

हुझैफाची बायको महेरुन्निसा वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. तिचंही ओ निगेटिव्ह. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, या गटाचा माणूस तयार ठेवा. घरात कुणी दुसरा शोधला नाही. वासिफ हाय ना, म्हणाले सगळे. आदल्या दिवशी तपासायला बोलावलं होतं, तेव्हा हाच म्हणाला होता, "माझं मला ठाऊक हाय, ऐन वेळेला येतो."

मुलगी सुखरूप झाली होती. पण महेरुन्निसाचं रक्त थांबत नव्हतं. फ्रिजमधली या गटाच्या रक्ताची एकुलती एक पिशवी केव्हाच वर गेली होती.

प्राप्ती फोनला लागली. पनवेलहून रक्त यायचं म्हणजे दुपार होणार. मग तिने दिनानाथला फोन लावला. दिनानाथचं ओ निगेटिव्ह; तो थळच्या बंदरावर बर्फ पोहोचवायचा आणि बोलावलं की रक्त द्यायला यायचा. तो बर्फाने भरलेला टेम्पो घेऊन तसाच आला. हातपाय धुऊन पलंगावर आडवा झाला.

वासिफ बाहेर आला. टेम्पोवरच्या ताडपत्रीखालून पाणी ठिबकत होतं आणि त्याचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता.

दिनानाथ दंड दाबत बाहेर आला. "तुमी दीर ना पेशंटचे? तुमचं जुळणार होतं म्हनं."

"ऐन वेळेला न्हाय जुळलं."

"व्हतं तसं," दिनानाथ म्हणाला आणि टेम्पोत बसला. बर्फाबद्दल तो काही बोलला नाही. वासिफनेही विचारलं नाही.

त्या रक्ताच्या तपासण्या होऊन पिशवी वर जाईपर्यंत डॉक्टरांना थांबता आलं नाही. त्यांनी महेरुन्निसाची गर्भपिशवी काढून टाकली. जीव वाचला. जिन्यात वासिफ समोर आला तेव्हा ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "रक्त हाताशी असतं तर थोडं थांबून बघितलं असतं."

अम्मी जिन्याखाली तसबीहची माळ घेऊन बसली होती. वासिफच्या कोपरात चिकटवलेला कापूस तिने पाहिला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडू लागली. "माझ्या लेकानं घराची लाज राखली." तो कापूस तपासणीपुरत्या चार थेंबांचा होता. वासिफने तोंड उघडलं, पण तेवढ्यात मामू आले, शेजारच्या बाया आल्या, कुणीतरी त्याच्या हातात शहाळं दिलं. तो ते प्यायला.

घरी आल्यावरही तेच. रक्त भरून यावं म्हणून अम्मी रोज त्याच्या ताटात कलेजी वाढायची. मशिदीतून येताना लोक थांबवून पाठीवर हात ठेवायचे. महेरुन्निसा मात्र त्या विषयावर गप्प असायची.

एका दुपारी अम्मी शेजारी गेली होती. महेरुन्निसा पडवीत बाळाला घेऊन बसली होती. वासिफ उंबऱ्याशीच उभा राहिला.

"भाबी, ते रक्त माझं न्हवतं."

तिने बाळाच्या टोपड्याची नाडी सैल केली. "ठाऊक हाय मला."

त्याला कळेना.

"पोरगी झाल्यावर मला झोपवायच्या आधी नर्स दारातून बोलली. दिराचं पॉझिटिव्ह निघालं, म्हणाली. मग डॉक्टर कायतरी बोलले, आणि मग मला न्हाय आठवत."

"तुमी कुनाला सांगितलं न्हाय."

"तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते." तिचा आवाज चढला नाही. "रोज ताटावर बसायचात तेव्हा वाटायचं, आज सांगतील."

वासिफ भिंतीला टेकून खाली बसला. "चूक झाली भाबी. मला खरंच वाटत होतं, भावाभावांचं एकच असतं म्हणून."

"ती चूक होती, व्हय," महेरुन्निसा म्हणाली. "त्याच्या पुढचं काय होतं?"

बाळ कुरकुरलं, तिने त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. मग तिचा फोन वाजला. तिने पडद्याकडे पाहिलं आणि फोन तसाच वासिफपुढे धरला.

"यांना अजून वाटतं, रक्त तुमीच दिलं. पुन्हा पोर कधी व्हनार न्हाय आता, एवढं सांगितलंय मी. का, ते तुमी सांगा."

वासिफने फोन घेतला. पडद्यावर हुझैफा होता, डोक्यावर कामाचं पिवळं हेल्मेट, मागे उन्हात उभी लोखंडी सळ्यांची रांग. वासिफला बघताच त्याने हेल्मेट काढलं.

"भाय, मला तुला कायतरी..." वासिफ म्हणाला.

"थांब," हुझैफा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आधी मला बोलू दे."